सेन्सो उनिको नावाचं गाव

कल्याण आरटीओकडून ती पुस्तिका घरी आली त्याच दिवशी मला कळायला हवं होतं, की आता ट्रेनचं काही खरं नाही. हजार रुपये फी भरली की वर्षभरासाठी मिळतं ते इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. आत नवऱ्याचा फोटो, चेहरा असा की परराष्ट्र खात्यात रुजू व्हायला निघालाय. शेजाऱ्यांना दाखवून झालं, इस्त्रीवाल्याला दाखवून झालं, मग ते कपाटाच्या लॉकरमध्ये पासपोर्टांच्याही वर जाऊन बसलं.

माझी एकतीस वर्षं डोंबिवली लोकलमध्ये गेली. लोकांना वाटतं, हिला ट्रेनचा वीट आला असेल. उलट आहे. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून जिने एकतीस वर्षं काढली, तिला रिकाम्या डब्यातली खिडकी, समोर घडीचं टेबल आणि बाहेर तळं म्हणजे काय वाटतं, ते गाडीवाल्यांना नाही कळायचं. नवऱ्याचं वेगळं. त्याने गाडी घेतली पन्नाशीला आल्यावर. ‘स्टिअरिंग आपल्या हातात असलं की आपण कोणाचे मिंधे नाही,’ हे त्याचं तत्त्वज्ञान, आणि कल्याण-शीळ रस्त्यावर तासभर अडकून पडला तरी तो ते सोडत नाही.

लेक म्युनिकला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. तिच्याकडे जायचं, जाता जाता इटली आणि स्वित्झर्लंड करायचं, सोबत शहात्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांचा एक गुडघा बदललेला, दुसरा बदलायचा राहिलेला. नवऱ्याने तो गुडघाच पुढे केला. ‘आईला घेऊन जिने चढणार, की बॅगा घेऊन?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी वाटणी झाली: रोम ते मिलान गाडी, मिलानच्या पुढे सगळी ट्रेन. लेकीने फोनवर एवढंच सांगितलं, ‘आई, खेड्यात गाडी ठीक आहे, पण शहरात नेऊ नका. बाबांना झेड-टी-एल म्हणजे काय ते वाचायला सांग.’ मी सांगितलं. ‘वाचतो,’ म्हणाला.

रोम दोन दिवस पायी पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विमानतळावर गाडी घ्यायला गेलो. तिथल्या काउंटरवरचा मुलगा गोड होता, पण नेटवर पाहिलेलं भाडं म्हणजे नुसती सुरुवात असते हे त्याने अर्ध्या तासात शिकवलं. ऑटोमॅटिक हवी म्हणून जास्त. रोमला घेऊन मिलानला सोडणार म्हणून आणखी जास्त. ओरखडा आला तर अमुक रकमेपर्यंत तुमचा खिसा. तो खिसा वाचवायचा असेल तर रोजचे वेगळे पैसे. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्डच लागतं, आणि तेही जो चालवणार त्याच्याच नावाचं. आमच्याकडे मोठ्या लिमिटचं कार्ड माझ्या नावावर. नवऱ्याने स्वतःचं कार्ड पुढे केलं आणि मशिन विचार करत असताना त्याच्या कपाळावर आलेला घाम मला दिसला. कार्ड चाललं. परमिटची पुस्तिका मुलाने उघडली, फोटो पाहिला, परत केली. नवऱ्याला वाटलं होतं, जरा जास्त वेळ बघेल.

पहिले दोन दिवस आम्ही इटलीभर कडक उन्हात वायपर फिरवत हिंडलो. आपल्या मारुतीत इंडिकेटरची कांडी उजव्या हाताला, तिथे ती डाव्या हाताला, आणि हात तर ऐकत नाही. प्रत्येक वळणावर काच खर्रकन पुसली जायची. गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची, गोल चौकाला उलटी प्रदक्षिणा घालायची, ज्या बाजूने जन्मभर ओव्हरटेक केलं ती बाजू आता सोडायची. टोलनाक्यावर पिवळी रांग टाळायची, कारण ती टेलिपासवाल्यांची, म्हणजे आपल्या फास्टॅगसारखी. कार्डाची आणि रोखीची वेगळी. मी शेजारी बसून ‘उजवीकडे राहा, उजवीकडे राहा’ असा जप करत होते. फोनमधली बाई इटालियन रस्त्यांची नावं अशी उच्चारायची की तिचं आणि पाट्यांचं काही नातंच लागेना.

मागे सासूबाई आणि त्यांच्या शेजारी उभी केलेली मोठी बॅग. त्यांनी एक काम स्वतःहून अंगावर घेतलं होतं: पाट्या वाचण्याचं. एकेक अक्षर लावून मोठ्याने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाल्या, ‘हे सेन्सो उनिको गाव केवढं मोठं आहे गं, सकाळपासून संपेचना.’ सेन्सो उनिको म्हणजे एकदिशा मार्ग. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तो बिचारा पहिल्यांदाच थांबून हसला. चालवताना त्याला हसताही येत नव्हतं.

पेट्रोल पंपावरची माझी हुशारीही सांगून टाकते. गाडी पेट्रोलची. पंपावर दोन पाइप, एकावर ‘बेन्झिना’, दुसऱ्यावर ‘गासोलिओ’. मी म्हटलं, गॅसोलीन म्हणजे पेट्रोल, एवढं तर कोणालाही कळतं. नळी टाकीपाशी नेली आणि पलीकडून एक म्हातारा ‘नो, नो, नो, सिन्योरा!’ करत धावत आला. गासोलिओ म्हणजे डिझेल. त्या माणसाला नंतर आम्ही डोंबिवलीहून नेलेली एक चिक्की दिली. त्याने ती वासावरून तपासली आणि खिशात टाकली.

एवढं सगळं असूनही पिएन्झाचे चार दिवस मी गाडीच्या नावावर जमा करते. तस्कनीत ऑर्चा नदीचं खोरं आहे, वाल दोर्चा. २००४ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथे ट्रेन नाही. सगळ्यात जवळचं मोठं स्टेशन क्यूझी, आणि तिथून पुढे बसच्या वेळा सांभाळत बसायचं. मे महिना होता. गव्हाची शेतं अजून हिरवी, त्यांच्या बांधांवर लाल पॉपी, टेकडीच्या धारेवर सुरूची सरळ रांग आणि रांगेच्या टोकाला एकच घर. आम्ही त्यातल्याच एका शेतावरच्या घरात उतरलो होतो. खडीचा रस्ता, गेटपाशी कुत्रा, आणि मालकीणबाई सासूबाईंच्याच वयाच्या.

दुसऱ्या दिवशी बाई स्वयंपाकघरात पिची करत बसल्या होत्या. पिची म्हणजे तिकडचा जाडसर पास्ता. मैदा पाण्यात मळायचा, तुकडा तोडायचा आणि पाटावर तळहाताने लांबवत न्यायचा. सासूबाई दारातून दोन मिनिटं बघत राहिल्या. मग बांगड्या मागे सारल्या, हात धुतले, शेजारी बसल्या आणि वळायला लागल्या. लग्नाआधी माहेरी दर उन्हाळ्यात हातशेवया केलेल्या. त्यांच्या शेवया बाईंच्या पिचीपेक्षा निम्म्या बारीक यायला लागल्या. बाईंनी एक उचलून उजेडात धरली, आणि इटालियनमध्ये काहीतरी लांबलचक बोलल्या. सासूबाई मराठीत म्हणाल्या, ‘रवा चांगला भिजला असता तर आणखी बारीक काढली असती.’ पुढचा तासभर दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि एकमेकींच्या बोलण्याला मान डोलवत होत्या. नवरा ओट्यावर बसून बघत होता. गाडी अंगणात उभी होती, म्हणून तो रिकामा होता.

हे माझ्या तिथेच लक्षात यायला लागलं. गाडी चालत असली की आम्ही दोघी प्रवासात आणि तो कामावर. त्या खोऱ्यातून आम्ही किती वेळा गेलो-आलो! मला विचाराल तर मोंतेपुल्चानोकडे चढणारी वळणं, खाली ढगांच्या सावल्या, एका शेतातला एकटा ट्रॅक्टर, सगळं आठवतंय. त्याला विचाराल तर, ‘रस्ता अरुंद होता, समोरून बस आली होती.’

फ्लॉरेन्सला हे कळसाला पोचलं. मिलानला जाताना वाटेत अर्धा दिवस फ्लॉरेन्स, असा बेत. गाडी बाहेर लावून ट्रामने आत जा, असं लेकीने लिहून दिलं होतं. पण सासूबाईंना चालायला नको म्हणून नवरा म्हणाला, ‘जरा जवळ पार्किंग बघू.’ जवळ पार्किंग बघता बघता आम्ही त्या जुन्या गल्ल्यांत शिरलो. एका कोपऱ्यावर लाल गोलाची पाटी आणि वर उजळलेली अक्षरं. सासूबाईंनी वाचली: ‘वार्को आत्तीवो.’ ‘हे काय गाव?’ मी म्हटलं, माहीत नाही. मागून व्हॅनने हॉर्न दिला आणि आम्ही पुढे गेलो. सेन्सो उनिको, सेन्सो उनिको, पुन्हा तीच पाटी, पुन्हा वार्को आत्तीवो. मधल्या एका फटीतून अचानक तो घुमट आला, १४३६ मध्ये पुरा झालेला ब्रुनेलेस्कीचा, लाल कौलांचा, आभाळ अडवून बसलेला. सासूबाई ओरडल्या, ‘अरे, वर बघ, वर बघ! केवढा आहे!’ नवरा म्हणाला, ‘आई, मी पुढे बघतोय.’ पाऊण तासाने आम्ही गाडीतून पाय खाली न ठेवता फ्लॉरेन्सच्या बाहेर पडलो. हायवेला लागल्यावर त्याने एसी वाढवला आणि बराच वेळ कोणी बोललं नाही.

मिलानला गाडी परत केली. त्या मुलीने चारही बाजूंनी फिरून ओरखडे पाहिले, एकही नव्हता. नवऱ्याचा चेहरा दहावी पास झाल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मिलानो चेन्त्राले स्टेशन. इथे माझं राज्य सुरू. तिरानोची साधी पॅसेंजर गाडी, कागदी तिकीट, आणि प्लॅटफॉर्मवर छोटं मशिन, त्यात तिकीट घालून शिक्का मारायचा, नाहीतर दंड. मला एकदम आपली सीव्हीएमची कूपनं आठवली. २०१५ पर्यंत होती ना, मशिनमध्ये घालून पंच करायची आणि ऐन वेळी मशिन बंद! तीच धडधड. शिक्का उमटला. लेक्कोच्या पुढे गाडी कोमो तळ्याच्या काठाला लागली आणि मी विजयाने नवऱ्याकडे वळले. तो खिडकीला डोकं टेकून घोरत होता. वारेन्ना गेलं, तळं गेलं, द्राक्षांच्या मळ्यांचे उतार सुरू झाले, तो उठला नाही. आठ दिवसांचं ड्रायव्हिंग होतं ते. माझा अर्धा सिद्धांत तिथेच मोडला, पण मी त्याला उठवलं नाही.

तिरानोला स्वित्झर्लंडात जाणारी लाल बेर्निना गाडी. पर्यटकांची काचेच्या छताची असते तिला रिझर्व्हेशन लागतं, आम्ही मुद्दाम साधी घेतली. तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, आणि उघडणारी खिडकी ही काय चीज आहे ते लोकलवालीला विचारा. गाडी सुटते तीच गावातल्या रस्त्यातून, चर्चसमोरच्या चौकातून, ट्रामसारखी. मग ब्रूझिओला नऊ कमानींच्या दगडी पुलावर ती उघड्या कुरणात एक पूर्ण गिरकी घेते आणि स्वतःच्याच अंगाखालून जाते. नवरा आता जागा होता. खिडकीतून अर्धा बाहेर. ‘आई, आपलं शेपूट बघ!’

सासूबाईंचं माहेर नेरळचं. माथेरानची गाडी त्यांच्या घरामागून सुटायची. त्यामुळे घाट या विषयात त्या कोणाचं ऐकून घेत नाहीत. ‘कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिन लावतात तसं इथे लावलं नाही का रे?’ नाही लावलं. नवऱ्याने फोनवर शोधून सांगितलं: बोरघाटाचा चढ सदतिसाला एक, १९०७ च्या माथेरानच्या गाडीचा विसाला एक, आणि ही १९१० ची बेर्निना चौदाला एक चढते, तीही दातेरी रुळांशिवाय. तिरानो ४२९ मीटरवर, वरचं ओस्पिझिओ बेर्निना २२५३ वर. सासूबाईंनी ऐकून घेतलं, बाहेर गोठलेलं तळं पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘आमची तरी जंगलातून जाते.’ त्या अडीच तासांत नवरा एकदाही म्हणाला नाही की रस्ता अरुंद आहे.

बॅगांचं मात्र खरंच होतं, तो चुकीचं बोलत नव्हता. गाडीत त्या एका जागी पडून होत्या, ट्रेनमध्ये त्या आमच्यासोबत बदलत होत्या. सेंट मोरिट्झला बदल, कूरला मुक्काम, झुरिकला बदल, बर्नला बदल. मध्ये कधी सहा मिनिटं, कधी आठ. स्विस स्टेशनवरच्या घड्याळाचा तो लाल सेकंदकाटा बारावर आला की क्षणभर थबकतो आणि मग मिनिटकाटा पुढे उडी मारतो; १९५० च्या दशकापासून ते असंच आहे. त्या काट्याकडे बघत सासूबाईंचा दंड धरून धावताना मला भाड्याच्या गाडीची आठवण आली, खोटं कशाला सांगू. धावायची गरज नसते हे तिसऱ्या बदलाला कळलं. एक चुकली तर तासाने, बऱ्याचदा अर्ध्या तासाने तशीच पुढची असते.

इंटरलाकेन ओस्टला लेक भेटली. मिठ्या, रडणं, ‘आजी, तू बारीक झालीस’ वगैरे होईपर्यंत लाउटरब्रुनेनची गाडी लागली. आम्ही तिघी समोर दिसेल त्या डब्यात चढलो. नवरा बॅगा ठेवायला जागा बघत मागे गेला आणि तिकडेच चढला. त्स्वाइल्युचिनेन नावाचं छोटं स्टेशन आलं. तिथे गाडी मधोमध सुटी होते, एक तुकडा लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं. आम्ही कोणी वाचलं नव्हतं, आणि पाट्या वाचणाऱ्या आमच्या खात्याने त्या दिवशी नातीच्या नादात सुट्टी घेतली होती. आमची गाडी निघाली, शेजारची तिरकी होत दूर जायला लागली आणि तिच्या खिडकीत नवरा, दोन्ही बॅगांसकट. सासूबाईंनी त्याला हात केला. त्यानेही केला. मग दोघांच्याही चेहऱ्यावर प्रकाश पडला.

तासा-दीडतासाने तो लाउटरब्रुनेनला उतरला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तो खुशीत होता. ग्रिंडेलवाल्डला उतरलो तर समोर आख्खा आयगर, म्हणाला, ढग नाही काही नाही, ३९६७ मीटरचा कडा बाकड्यावर बसून पाहिला, कॉफी प्यायली, आलो. पास होताच, दोन्हीकडे तोच चालतो. पुढचे दोन दिवस आयगर ढगात होता. आमच्यापैकी बाकी कोणाला दिसला नाही, आणि हे त्याने कोणाला विसरू दिलेलं नाही.

वेंगनला राहिलो. तिथे गाड्या जातच नाहीत. गाडीने आलेले लोक खाली लाउटरब्रुनेनला पार्किंगमध्ये गाडी सोडून आमच्याच दातेरी ट्रेनमध्ये येऊन बसतात. ‘माथेरानचा दस्तुरी नाका,’ सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला. म्युनिकबद्दल काय सांगू. लेकीकडे तेव्हा ४९ युरोंना मिळणारं महिन्याचं तिकीट होतं, जलद गाड्या सोडून देशभरच्या साध्या गाड्या, बस, ट्राम सगळं त्यात. सासूबाईंनी ते फोनवर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘पासच की.’

पैशांचा हिशोब नवऱ्यानेच घरी आल्यावर केला, वहीत, दोन रकाने पाडून. स्विस पास महाग होता, हे माझ्या रकान्यात लाल शाईने. त्याचा रकाना दहा-बारा टक्क्यांनी जिंकत होता. ती वही त्याने ऑगस्टपर्यंत टेबलावर ठेवली. ऑगस्टमध्ये त्याच्या कार्डावर भाड्याच्या गाडीवाल्यांनी दोन रकमा कापल्या, कारण एवढंच: तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचा खर्च. मी काही बोलले नाही. वही ड्रॉवरमध्ये गेली.

दंड स्वतः आला तो पुढच्या फेब्रुवारीत. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात, त्यामुळे घाई नव्हती. पोस्टमनने सही घेतली. आत दोन नोटिसा, गाडीचा नंबर, रस्त्याचं नाव, तारीख, आणि मिनिटापर्यंत वेळ: १६.१२ आणि १६.३१. बंदी असलेल्या भागात, म्हणजे लेकीने वाचायला सांगितलेल्या त्या झेड-टी-एलमध्ये, विनापरवाना प्रवेश. दोनदा. वार्को आत्तीवो म्हणजे ‘गेट चालू आहे’, हे लेकीने फोनवर सांगितलं. पाच दिवसांत भरलं तर तीस टक्के सूट, म्हणून त्याने त्याच रात्री पैसे भरले.

पैसे भरून झाल्यावर तो उठला नाही. चष्मा पुसला, नकाशा उघडला आणि नोटिशीवरचं रस्त्याचं नाव एकेक अक्षर बघत टाइप केलं. रस्त्यावरून चालल्यासारखे फोटो दिसतात ना, ते लावले. बाण दाबत दाबत गल्लीतून पुढे गेला. ‘हे बघ, इथून वळलो आपण. ती व्हॅन इथेच होती.’ मी मागे उभी राहून बघत होते. दोन कोपरे, तीन कोपरे. मग त्याने माउसने चित्र वर ओढलं आणि दोन भिंतींच्या मधल्या फटीत लाल कौलं आली.

‘आई,’ त्याने आतल्या खोलीकडे हाक मारली, ‘इकडे ये लवकर. हा बघ घुमट.’

आतून शेंगा सोलल्याचा आवाज थांबला नाही. ‘मी तेव्हाच पाहिलाय,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तू बघ.’